हँक हिलचा बाक

सभ्य श्रोतेहो, आज ज्या कथेबद्दल मी बोलणार आहे ती अवघी २२ मिनिटांची आहे, आणि तिच्यातले भांडण ईश्वरावरून, ग्रंथावरून किंवा पापपुण्यावरून नाही. ते बसायच्या जागेवरून आहे. ‘किंग ऑफ द हिल’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेच्या दहाव्या पर्वात, एप्रिल २००६ मध्ये, ‘चर्च हॉपिंग’ नावाचा भाग फॉक्स वाहिनीवर दाखवला गेला. टेक्ससमधल्या आर्लेन या काल्पनिक गावात प्रोपेन गॅस विकणारा हँक हिल, त्याची पत्नी पेगी आणि मुलगा बॉबी दर रविवारी मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये आपल्या ठरलेल्या जागी बसत आले आहेत. ती जागा एका नव्या कुटुंबाला मिळते, चर्चच्या पाळक-बाई रेव्हरंड स्ट्रूप यांना त्यात काही वावगे वाटत नाही, आणि दुखावलेला हँक कुटुंबाला घेऊन दुसरे चर्च शोधायला निघतो. शोधता शोधता ही मंडळी एका अवाढव्य चर्चमध्ये पोचतात. पेगीला आणि बॉबीला तिथला थाट आवडतो, हँक मात्र त्या चर्चच्या उत्साहाने मेटाकुटीला येतो, आणि शेवटी हिल कुटुंब आपल्या जुन्या चर्चकडे परतते. गोष्ट एवढीच. पण अमेरिकेतील प्रॉटेस्टंट जीवनाची जितकी माहिती या २२ मिनिटांत दडलेली आहे तितकी एखाद्या जाडजूड ग्रंथातही सहज सापडत नाही, असे माझे मत आहे.

मालिकेबद्दल थोडक्यात सांगतो. माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांनी निर्माण केलेली ही मालिका १९९७ ते २००९ अशी १३ पर्वे चालली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. जज यांनी स्वतः डॅलसजवळच्या गार्लंड या उपनगरात काही काळ काढला होता आणि आर्लेनवर त्या भागाची दाट छाया आहे. हँकचा आवाजही जज यांचाच. या मालिकेत कोणी उडत नाही, कोणी मरून पुन्हा जिवंत होत नाही, प्राणी बोलत नाहीत. चार मित्र गल्लीत कुंपणाला टेकून बिअर पितात आणि बोलतात, बव्हंशी बोलतही नाहीत. हँक भावना व्यक्त करण्याच्या बाबतीत जवळजवळ मुका आहे. त्याचे प्रेम लॉन कापण्यात आणि गॅसच्या टाकीची झडप नीट बसवण्यात दिसते. अशा माणसाची श्रद्धा कुठे दिसणार? ती तो नेमका कुठे बसतो त्यात दिसते.

‘द सिम्प्सन्स’ या अधिक गाजलेल्या मालिकेशी इथे तुलना करणे उपयोगाचे ठरेल, कारण तिथेही चर्च सोडण्याच्या कथा आहेत. १९९२ च्या एका भागात होमर रविवारी घरीच लोळण्यातला आनंद शोधतो आणि ईश्वराशी थेट संधान बांधतो. २००१ च्या एका भागात चर्चच्या पुनर्बांधणीसाठी पैसा येतो, त्याबरोबर जाहिराती येतात, आणि वैतागलेली लिसा बौद्ध होते. २००५ मध्ये होमर आणि बार्ट यांना कॅथॉलिक होण्याची ओढ लागते. या तिन्ही कथांत माणसे काही ना काही विचार करून बाहेर पडतात. शिवाय सिम्प्सन कुटुंबाचा पंथ प्रेस्बिटेरियन आणि ल्यूथरन यांची मोडतोड करून बनवलेला, पृथ्वीवर कुठेही नसलेला आहे, त्यामुळे विडंबनाचा बाण नेमका कोणालाच लागत नाही. ‘किंग ऑफ द हिल’ने मात्र खऱ्या पंथाचे नाव घेतले. हिल कुटुंब मेथडिस्ट आहे, आणि मेथडिस्टांच्या इतिहासात बसण्याच्या जागेला जे महत्त्व आहे ते लक्षात घेतल्याशिवाय या भागातली खरी गंमत हाती लागत नाही. लेखकांना तो इतिहास ठाऊक होता की नव्हता हा प्रश्न मला गौण वाटतो.

त्याआधी हँकची बाजू समजून घेऊ. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षे एकाच डब्यात खिडकीजवळच्या ठरलेल्या जागी बसणाऱ्या माणसाला विचारा, ही जागा तुमची कशी? तिकिटावर तिचा उल्लेख नसतो, रेल्वेने ती दिलेली नसते, तरी डब्यातल्या सगळ्यांना ती त्याची आहे हे माहीत असते, आणि एखाद्या नवख्याने तिच्यावर बैठक मारली तर अवघा डबा अस्वस्थ होतो. हँकचा हक्क याच जातीचा आहे. तो मागायचा नसतो, म्हणूनच तो मागण्याची वेळ आली की माणूस हास्यास्पद दिसू लागतो. ‘मला माझा बाक परत द्या’ हे वाक्य कोणत्याही सुरात म्हटले तरी क्षुद्रच वाटते. हँकला हे कळते आणि म्हणूनच तो भांडण्याऐवजी निघून जातो.

आता मेथडिस्टांकडे वळू. १८व्या आणि १९व्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेतील पुष्कळ चर्चमध्ये बाक भाड्याने दिले जात किंवा चक्क विकले जात. बाकांना दारे असत, दारांवर क्रमांक असत. पुढच्या बाकाचे भाडे अधिक, मागच्याचे कमी, आणि ज्यांना भाडे परवडत नसे त्यांना गॅलरीत किंवा भिंतीलगत जागा. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधील प्लिमथ चर्चमध्ये हेन्री वॉर्ड बीचर यांची प्रवचने ऐकायला इतकी गर्दी लोटे की तिथे बाकांचा दरवर्षी लिलाव होऊ लागला. गुलामगिरीविरुद्ध गरजणाऱ्या या वक्त्याच्या चर्चची तिजोरी बाकांच्या बोलीतून भरत होती. ढोंग म्हणून हे सोडून देणे सोपे आहे, पण सरकारी अनुदान नसलेल्या देशात पाळकाचा पगार आणि छपराची दुरुस्ती कुठून करायची, हा प्रश्न त्या काळच्या विश्वस्तांपुढे खराच होता.

मेथडिस्ट चळवळीचा जन्म मुळात या व्यवस्थेच्या बाहेर झाला. तिचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्या मैदानात प्रवचने केली, आणि मैदानात कोणाचा बाक नसतो. पुढे अमेरिकेतील मेथडिस्टांच्या नियमावलीत उपासनागृहे साधी असावीत आणि त्यांतील जागा मोफत असाव्यात असा दंडकच घातला गेला. पण खेड्यातले मेथडिस्ट शहरात आले, दुकानदार झाले, सुखवस्तू झाले, आणि दगडी चर्च बांधायला निघाल्यावर त्यांनाही बाक विकण्याचा मोह आवरला नाही. त्याविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांपैकी बी. टी. रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पेकिन या गावी ‘फ्री मेथडिस्ट’ मंडळी स्थापन केली. गुलामगिरीला विरोध हे त्या मुक्ततेचे एक अंग होते, आणि बाकाला भाडे नसणे हे दुसरे. आपल्यातील वैदर्भीय श्रोत्यांना हे नाव परके वाटू नये, कारण याच फ्री मेथडिस्टांच्या मिशनऱ्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात येऊन यवतमाळला आपले केंद्र केले; १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झालेली आणि पुढे पुण्यात हलवलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणसंस्था त्याच परिसरात रुजली.

याहून कितीतरी गंभीर प्रसंग फिलाडेल्फियातला आहे आणि त्यावर मी थोडा थांबणार आहे. १८व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच छपराखाली उपासना करत, पण जागा वेगळ्या. एका रविवारी रिचर्ड ॲलन, ॲब्सालम जोन्स हे कृष्णवर्णीय उपासक आणि त्यांचे सोबती नव्या गॅलरीत जाऊन ज्या जागी गुडघे टेकून प्रार्थनेत होते ती जागा त्यांच्यासाठी नाही, असे विश्वस्तांनी ठरवले, आणि प्रार्थना चालू असतानाच जोन्स यांना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, मग मी तुम्हाला त्रास देणार नाही, असे जोन्स यांनी सांगून पाहिले. विश्वस्त थांबले नाहीत. प्रार्थना संपल्यावर ही सारी माणसे एकत्र उठली आणि त्या चर्चमधून कायमची बाहेर पडली. ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च उभे केले, आणि १८१६ मध्ये फिलाडेल्फियातच आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला, जो आजही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रमुख पंथांपैकी एक आहे. हँक हिलचे दुःख या अपमानाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण चर्चमध्ये कोण कुठे बसतो यावरून तिथे कोण कोणाला आपले समजतो हे कळते, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे आहे. भाडे गेले, दारे गेली, क्रमांक पुसले गेले. सवयीने आलेला ताबा राहिला. ज्या पंथाने मोफत जागेचा आग्रह धरला, त्याच पंथातला एक सज्जन माणूस २००६ साली अलिखित मालकीहक्कावरून रुसून बसतो, हा या भागातला सर्वांत बारीक विनोद आहे.

रेव्हरंड स्ट्रूप यांच्याकडे प्रेक्षकांचे सहसा दुर्लक्ष होते, आणि मला ते अन्यायाचे वाटते. मेथडिस्ट पाळकाची निवड स्थानिक मंडळी करत नाही. बिशप नेमणूक करतो आणि काही वर्षांनी बदलीही करतो. स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार १९५६ मध्ये मिळाले. स्ट्रूप बाई मिनेसोटाहून आर्लेनला आल्या तो भाग १९९९ चा. स्वागताच्या जेवणासाठी त्यांनी आपल्याकडचा लुटेफिस्क आणला होता, म्हणजे सुकवलेला मासा अल्कलीच्या पाण्यात भिजवून, फुगवून शिजवतात तो नॉर्वे-स्वीडनकडचा पदार्थ. बॉबी तो सगळा फस्त करतो, पोट बिघडते, चर्चच्या स्वच्छतागृहात दुर्गंध घालवायला तो काडी पेटवतो आणि चर्चला आग लागते. बाई-पाळक म्हटल्यावर ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात त्या हँकच्या म्हाताऱ्या वडिलांवर संशय जातो. इतक्या आगीतून, अक्षरशः आगीतून, गेलेल्या या बाई आता नव्या कुटुंबाला जागा देतात, तेव्हा त्यांच्यापुढचा हिशोब आपण पाहिला पाहिजे. १९६८ मध्ये डॅलस येथे युनायटेड मेथडिस्ट चर्च या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या मेथडिस्ट पंथाची स्थापना झाली तेव्हा अमेरिकेत त्याचे सुमारे १ कोटी १० लाख सभासद होते. हा भाग प्रसारित झाला त्या सुमारास ते सुमारे ८० लाखांवर आले होते. अशा मंडळीच्या पाळकाच्या दृष्टीने नवे कुटुंब म्हणजे पर्वणी असते, आणि हँक हिल कुठे जाणार आहे, तो तर येणारच, असे त्यांनी गृहीत धरले असेल तर नवल नाही. घटत्या मंडळीत जुन्यांना गृहीत धरून नव्यांची मनधरणी करावी लागते. आपल्याकडची वाचनालये आणि नाट्यमंडळे चालवणाऱ्यांना हा पेच मी समजावून सांगण्याची गरज नाही.

हँक बाहेर पडतो आणि शोध सुरू होतो. आपल्याकडच्या माणसाला प्रश्न पडतो की एवढे सहज चर्च बदलता येते? येते, आणि त्याचे कारण राज्यव्यवस्थेत आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने संघराज्याला कोणताही धर्म अधिकृत करण्याची मनाई केली. राज्यांनी आपापले अधिकृत पंथ एकेक करून सोडले, त्यांत मॅसॅच्युसेट्‌स सर्वांत शेवटी, १८३३ मध्ये. तेव्हापासून प्रत्येक चर्चला सभासद मिळवून त्यांच्या दानावर जगावे लागते. प्यू संशोधन केंद्राच्या २०१६ च्या अहवालानुसार जवळजवळ निम्म्या अमेरिकी प्रौढांनी आयुष्यात कधी ना कधी नवे उपासनास्थळ शोधलेले असते, बहुतेक वेळा घर बदलल्यामुळे. शोधताना काय पाहिले, यावर ८३ टक्क्यांनी प्रवचनांचा दर्जा सांगितला, ७९ टक्क्यांनी तिथल्या प्रमुखांनी केलेले स्वागत, ७४ टक्क्यांनी उपासनेची शैली आणि ७० टक्क्यांनी ठिकाण. हँकचे दुखणे यातल्या दुसऱ्या उत्तरात बसते असे वरवर वाटेल, पण बारकाईने पाहिले तर बसत नाही. त्याला स्वागत नको आहे. स्वागत पाहुण्याचे करतात, आणि आपण पाहुणे नाही हेच तर त्याला कोणीतरी मान्य करायला हवे आहे. म्हणून प्रत्येक नव्या दारात हसतमुखाने पुढे झालेला हात त्याची जखम पुन्हा उघडतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा अनुभव याच्या जवळजवळ उलट आहे. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते, त्यामुळे अहमदनगरकडच्या कुटुंबाचा पंथ अमेरिकन मराठी मिशनचा, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुटुंबाचा तिथल्या मिशनचा. पंथ निवडीने आला नाही, नकाशाने आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा एकीकरणाच्या वाटाघाटींत असलेले मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐनवेळी बाहेर राहिले, हे जाता जाता नोंदवतो. चर्च सोडण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळक नव्या जागेच्या शोधात निघाले नव्हते. जागांची विभागणीच त्यांना नको होती.

हिल कुटुंब ज्या अवाढव्य चर्चमध्ये पोचते ते २००६ च्या टेक्ससमधील प्रेक्षकाला पाहताक्षणी ओळखू आले असणार. आठवड्याला २,००० किंवा अधिक लोक उपासनेला येतात अशा प्रॉटेस्टंट चर्चला अभ्यासक मेगाचर्च म्हणतात. आदल्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, ह्यूस्टनच्या लेकवुड चर्चने ‘ह्यूस्टन रॉकेट्‌स’ या बास्केटबॉल संघाच्या जुन्या स्टेडियममध्ये सुमारे १६,००० आसनांचे आपले नवे घर थाटले होते. याच चर्चची सुरुवात १९५९ मध्ये जॉन ओस्टीन यांनी पशुखाद्याच्या एका रिकाम्या दुकानात केली होती. शिकागोजवळच्या विलो क्रीकने तर १९७५ मध्ये चित्रपटगृहात सुरुवात करण्यापूर्वी घरोघर जाऊन, तुम्ही चर्चला का जात नाही, असे लोकांना विचारले आणि मिळालेल्या उत्तरांवरून उपासनेची आखणी केली. कंटाळवाणी प्रवचने नकोत, सारखे पैसे मागणे नको, हे ऐकून घेऊन त्यांनी नाट्यप्रवेश, वाद्यवृंद आणि खुर्च्या आणल्या. खुर्च्या हा मुद्दा महत्त्वाचा आहे. थिएटरसारख्या त्या खुर्च्यांवर कोणाचा ताबा नसतो. आज जिथे बसलात तिथे पुढच्या रविवारी कोण बसेल सांगता येत नाही. हँकच्या तक्रारीवरचा हा उपाय तर्काला धरून आहे: जागेचे भांडण नको असेल तर कोणाचीच जागा नसलेल्या ठिकाणी जा.

आणि तिथेच हँक गुदमरतो. त्याच्या मेथडिस्ट चर्चला त्याच्याकडून रविवारची सकाळ आणि अधूनमधून एखादी घरून करून नेलेली डिश एवढेच हवे असते; या नव्या चर्चला त्याचा अख्खा आठवडा हवा आहे. जिथे हजारो लोक एकमेकांना अनोळखी असतात, तिथे त्यांना बांधून ठेवायला लहान गट, अभ्यासवर्ग, खेळ, जेवणे यांचे जाळे विणावे लागते, कारण ओळख आपोआप होत नाही. हँकला देवाबद्दल बोलायला संकोच वाटतो, आणि इथे तर सगळे सारखे त्याच्याबद्दलच बोलत असतात. २००३ च्या एका भागात स्केटबोर्डवाल्या तरुण पाळकाच्या नादी लागलेल्या बॉबीला हँक एक जुना खोका उघडून दाखवतो. एके काळी बॉबीला ज्यांचे वेड होते आणि आता लाज वाटते अशी खेळणी आणि फोटो त्यात असतात, आणि प्रभूची रवानगी या खोक्यात होऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे, असे तो मुलाला सांगतो. संबंध मालिकेत हँकने आपल्या श्रद्धेबद्दल केलेले याहून स्पष्ट विधान मला आठवत नाही.

तरीही लेखकांनी मेगाचर्चची फारच सोपी थट्टा केली आहे, असे मला वाटते. लेकवुडसारख्या चर्चमध्ये गोरे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबे शेजारी शेजारी बसतात. ठरलेल्या बाकांच्या गावठाणी चर्चमध्ये हे दृश्य दुर्मीळ आहे, आणि का दुर्मीळ आहे हे फिलाडेल्फियाच्या त्या गॅलरीने सांगितलेच आहे. ज्याच्या घराण्याचा बाक कुठेच नव्हता, त्याला कोणाचीच नसलेली खुर्ची ही सोय नसून मोकळीक वाटते. हे हँकला दिसत नाही, ते त्याच्या स्वभावाला धरून आहे. लेखकांना मात्र दिसायला हवे होते, विशेषतः हँकच्या शेजारी लाओसहून आलेले कुटुंब राहत असताना आणि त्या कुटुंबाच्या बौद्ध आचारावर २००० मध्ये एक उत्कृष्ट भाग लिहून झालेला असताना.

शेवटी एका पुढच्या घटनेची नोंद करून थांबतो. २०१९ ते २०२३ या काळात, समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक यांच्या प्रश्नावरून, अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून ७,६०० च्या वर मंडळ्या, म्हणजे एकूण मंडळ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा, बाहेर पडल्या, आणि टेक्सस त्यात आघाडीवर होते. मेथडिस्ट कायद्याप्रमाणे चर्चची इमारत स्थानिक मंडळीला पंथाच्या वतीने विश्वस्त या नात्याने सांभाळायची असते. पण या काळापुरती अशी मुभा होती की दोन-तृतीयांश मते मिळाली आणि ठरलेली रक्कम भरली तर इमारतीसकट बाहेर पडता येईल. पुष्कळ मंडळ्या मे २०२२ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेल्या, काही कोणाकडेच गेल्या नाहीत. अशा गावांत मतदानानंतरच्या रविवारी माणसे नेहमीच्याच जागी बसली आणि दारावरच्या पाटीवरचे पंथाचे नाव तेवढे बदलले. ज्यांचे मत विरुद्ध पडले होते ती मात्र उठली आणि पुढच्या गावात चर्च शोधू लागली.